मारुती भोयाची विजेची नाव

दसरा जवळ आला की मला बरं वाटत नाही. ताप नसतो, दुखणं नसतं. पण घट बसले की जीव थाऱ्यावर राहत नाही. घरातले म्हणतात, आजीला आता उपास सोसत नाहीत. मी हो म्हणते, कारण दुसरं सांगत बसायचं तर फार मागे जावं लागतं. आमच्या समोर आता स्कूटर दुरुस्तीचं दुकान झालं आहे. खंडेनवमीला तिथला कारागीर पाने, हातोड्या, हवेचा पंप असं सगळं धुऊन-पुसून मांडतो, झेंडू वाहतो आणि एकेका वस्तूला कुंकवाचं बोट लावतो. परवा त्याने एका बॅटरीच्या दोन्ही खुंट्या कुंकवाने माखल्या, ते पाहिलं आणि मी गॅलरीतून आत आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी लग्न होऊन सोलापुरात आले ती दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी. गिरणीच्या भोंग्यावर आख्खं शहर उठायचं, आमचं घर मात्र तेलाच्या इंजिनाच्या ठकठकीवर उठायचं. यजमानांची घरामागे पत्र्याची शेड होती. मोटारगाड्यांच्या आणि लग्नातल्या दिव्यांच्या बॅटऱ्या तिथे भरून मिळत. ॲसिडचा वास आधी नाकाला झोंबायचा, मग सवयीने कळेनासा व्हायचा. कळायचं ते कपडे धुताना. दगडावर आपटलं की यजमानांच्या सदऱ्याला चाळणी पडलेली दिसायची, आणि हळूहळू माझ्या लुगड्यांनाही. सोलापूरचं पाणी जड म्हणून बॅटरीसाठी पावसाचं पाणी धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी ते काचेच्या बरण्यांत असायचं, आणि चुकून कोणी प्यायला घेतलं तर सासूबाई घर डोक्यावर घ्यायच्या.

शेडमध्ये बॅटऱ्या फळीवर ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकीला शिशाच्या दोन खुंट्या, एक अधिकाची, एक उण्याची. पहिलीची अधिक दुसरीच्या उण्याला, दुसरीची अधिक तिसरीच्या उण्याला, अशी साखळी करून दोन टोकं डायनामोला. साखळीत एखादी उलटी जोडली गेली तर बाकीच्या भरत जातात आणि ती एकटी रिकामी होत जाते. वरून काहीही दिसत नाही. म्हणून यजमान अधिकाच्या खुंटीवर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. तरी शंका आली तर मला हाक मारायचे, "अगं, बटाटा दे." कापलेल्या बटाट्यात दोन्ही तांब्याच्या तारा खुपसल्या की अधिकाच्या तारेभोवती हिरवा डाग पडतो. डाग पाहून झाला की बटाटा शेणखईत जायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घरात विजेला सुद्धा भाजी लागते."

त्यांचा स्वभाव असा विनोदी होता, आणि देवधर्माच्या बाबतीत तितकाच कडक. यात मला कधी विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही.

चंद्रा मासे घेऊन यायची. एकरुखच्या तळ्याकाठी हिप्परग्याच्या अंगाला भोयांची लहानशी वस्ती होती. तिथला मारुती भोई तिचा सासरा. चातुर्मासात आमच्याकडे मासे घेत नसत, तरी पाटी उतरवून ती ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, दोन शब्द बोलायची. आम्ही बरोबरीच्या वयाच्या. त्या साली श्रावणात ती बरेच दिवस आली नाही आणि आली ती पांढऱ्या कपाळाने आली. तिचा नवरा भिकू तापाने गेला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. मी सांत्वनाचं काही बोलणार, तर तिला बोलायचं होतं ते वेगळंच होतं.

"वैनी, जाळं टाकाया दोन माणसं लागत्यात," ती म्हणाली. "येकानं वल्हवायचं, येकानं जाळं सोडायचं. मामंजी येकटं काय करनार? त्यांनी जाळं सोडलं तर नाव वाऱ्यानं फिरती. मासं न्हाय मिळालं तर मला माहेरला धाडत्यात. तितं भावजया हायत्या. त्यास्नी मी नको हाय."

"मग दुसरा माणूस ठेवावा."

"त्याला निम्मं द्यायचं, मग खायचं काय? मी म्हनलं, मी वल्हवते. तर मामंजी पानावरनं उटून गेलं."

तिचं माहेर मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी. तिकडे गूळ करायची लोखंडी काहील पाण्यात टाकून बायका त्यात बसून पलीकडून सरपण आणतात. हाताने वल्हं मारत तिचं बालपण गेलं होतं. पण या तळ्यावर बाईने नावेत बसायचं नाही, असा वस्तीचा दंडक होता. पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, राहतात, त्यांना नावेत बाई खपत नाही, आणि कपाळ पांढरं असलेली तर नाहीच नाही. बाईने जाळी विणावीत, मासे विकावेत, नावेला हात लावू नये. चंद्रा हे सांगताना रडली नाही. ती फक्त पाटीच्या काठावरचं वाळलेलं खवलं नखाने काढत होती.

यजमानांनी हे आतून ऐकलं होतं. त्यांच्याकडे एक वस्तू पडून होती. कुठल्याशा गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना घरसामान विकून गेला, त्यात यांनी ती घेतली होती. नावेच्या मागे अडकवायची छोटी विजेची मोटार. खाली पितळी पंखा, वर दांडी. साहेब ती लावून गळ टाकत बसायचा म्हणे. दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून दिल्या की पंखा फिरतो आणि नाव आपोआप पुढे सरकते. यजमानांनी ती खाली उतरवून पुसायला घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मासे धरायला मोटार, आणि विहिरीचं पाणी ओढायला मी."

मला मात्र हसू आलं नाही. मी म्हणाले, "तिला वल्हवता येतं. मग मोटार कशाला?"

"तिला लोक बसू देणार नाहीत," यजमान म्हणाले. "मोटारीला कोण अडवतंय?"

उत्तर बरोबर होतं. त्याचाच मला राग आला. यजमानांना त्या दोघांची खरंच कणव आली होती, आणि मनातून आपलं नाव व्हावं असंही वाटत होतं. आजवर सोलापुरात कोणी विजेची नाव चालवली नव्हती. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र होत्या आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. नवरात्र उजाडेपर्यंत त्यांनी प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून काढलेल्या दोन जुन्या बॅटऱ्या पैदा केल्या. खुंट्या इतक्या झिजलेल्या की अधिकाची जाड कोणती, उण्याची बारीक कोणती ते हाताला कळत नव्हतं. त्यांच्यावरही लाल ठिपके पडले.

नवरात्रातली सोलापूरची हवा मला आजही अंगावर जाणवते. पाऊस गेलेला, ऊन परत तापलेलं, बाजारात झेंडूचे ढीग, त्या वासात आमच्या शेडचा वास मिसळलेला. खंडेनवमीला इंजिन बंद. सासूबाईंनी सोवळ्यात शेडमध्ये येऊन पूजा केली. इंजिनाला, डायनामोला, पक्कडीला, आणि ओळीने प्रत्येक बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. खुंट्या वर आलेल्या, म्हणून कुंकू तिथेच लावलं. एकीला लावायचं आणि दुसरीला नाही, असं कसं चालेल? मी मागे ताट धरून उभी होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर यजमानांनी इंजिन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी नाव पाण्यात घालायची होती. खुंट्यांवरच्या तेलकट थरात कुंकू मुरलं होतं. त्यांनी चिंधीने पुसलं, तसं ते अधिकच पसरलं. सगळं लाल, ठिपका कुठला आणि कुंकू कुठलं ते कळेना. त्यांनी मला हाक मारली, "बटाटा आहे का गं?"

"नऊ दिवसांत संपले," मी म्हणाले. घरात सगळ्यांचे उपास होते.

"असू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीही तळ्यावर गेले. तळं काठोकाठ भरलेलं होतं. काठावर आसरांचे शेंदूर लावलेले दगड, त्यांच्यापुढे मारुतीने नारळ फोडला. वस्तीतली माणसं, शेजारच्या मळ्यातली माणसं, सगळी जमली होती. यजमानांनी दोन बॅटऱ्या नावेत ठेवल्या, छोटा दिवा जोडून खुंट्यांवरच्या तारा अदलून-बदलून पाहिल्या. दिवा लागला. मग मोटारीच्या तारा जोडल्या. बारीक गुणगुण सुरू झाली आणि कोणी वल्हं न मारता नाव सरकली. मारुती लग्नातल्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. वल्ही त्याने काठावरच ठेवली होती. मोटार असताना वल्ही घेऊन गेलो तर लोक हसतील, असं तो म्हणाला होता. चंद्रा बायकांच्याही मागे, बांधावर उभी होती.

बाभळींनी भरलेलं एक टोक तळ्यात घुसलेलं आहे, त्याच्या पलीकडे नाव दिसेनाशी झाली. लोक थोडा वेळ थांबले, मग कामाला गेले. उरलो आम्ही तिघं. दुपार कलली. धरणाच्या दगडी भिंतीकडे वारा उठला, पाण्यावर लाटा दिसायला लागल्या. नाव येईना. यजमान काठाने इकडून तिकडे जात होते. दुसऱ्या नावा तळ्याच्या वरच्या अंगाला गेलेल्या. मळ्यातली एक काहील काठावर पालथी पडली होती. चंद्राने ती उलथवली, मारुतीची वल्ही आत टाकली आणि पदर खोचला.

"थांब, मी कुणाला तरी घेऊन येतो," यजमान म्हणाले.

"तुमी यिस्तवर म्हातारा धरनाच्या दगडावर जाईल, दादा," ती म्हणाली आणि काहील पाण्यात ढकलली.

काहील सरळ जात नाही, गरगर फिरते. चंद्रा प्रत्येक फेरीला एका बाजूने नेमका फटका मारून ती पुढे काढत होती. मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की तो कोणाला दिसू नये म्हणून मी तोंडावर पदर घेतला. माझ्या पायाखालची जमीन मला नकोशी झाली होती.

ती दोघं परत आली ती बाभळींच्या आडोशाला, वस्तीतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात. आम्ही धावत तिकडे गेलो. चंद्रा नावेत वल्ह्यांवर होती, काहील मागे बांधलेली. मारुती आधी उतरला. यजमान म्हणाले, "मारुतीमामा, मोटार..."

"झ्याक चालली," मारुती म्हणाला.

"अहो, पण..."

"झ्याक चालली म्हनलं न्हवं?" त्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा वस्तीकडे. "नाव हितंच लावत जाईन. हितं बरं हाय."

चंद्रा लुगड्याचा घोळ पिळत होती. तिने मान वर केली नाही.

घरी येताना यजमानांनी बाजारात उतरून बटाटे घेतले. शेडमध्ये तारा खुपसल्या. दोन बॅटऱ्यांपैकी एकीचा हिरवा डाग भलत्याच खुंटीपाशी उमटला. साखळीत ती उलटी जोडली गेली होती; इतर सगळ्या भरत होत्या तेव्हा ती रिकामी होत होती. दिव्यापुरतं आणि तळ्याच्या मध्यापर्यंत जाण्यापुरतं काय ते तिच्यात उरलं होतं, पुढे तेही उलटं झालं. तिच्या आतल्या पट्ट्या कायमच्या बिघडल्या. यजमानांनी बटाटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिनं श्रद्धेनं लावलं होतं." मी कधी सांगितलं नाही. सासूबाई गेल्या तोवर त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या थंडीत सबंध वस्तीने मारुती भोयाच्या विजेच्या नावेचं कौतुक केलं. मोटार मागे पाण्यात सोडलेली असे, बंद. उजाडायच्या आत चंद्रा बाभळीतून नाव काढायची, सासरा जाळं सोडायचा, ऊन वर यायच्या आत परत. अधूनमधून गाडीतून बॅटऱ्या आमच्याकडे भरायला यायच्या. यजमान त्या पुसायचे, आणि तशाच परत पाठवायचे. मोडनिंबकडचा एक बागायतदार विचारून गेला, विहिरीवर बसेल का अशी मोटार? सासूबाई गल्लीत लेकाचं कौतुक सांगायच्या. ज्या नावासाठी यजमान धडपडले ते नाव झालं, आणि त्यांचं जेवण कमी झालं. "ही चोरी आहे," ते एकदा म्हणाले. मी विचारलं, "कुणाची?" त्यांना सांगता आलं नाही. मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, ज्या बाईचे हात वल्हवत होते तिचीच ती चोरी होती, आणि तिलाच वाचवायला केलेली.

मार्गशीर्षात एका पहाटे तळ्यावर गेले तेव्हा मी त्या सासऱ्या-सुनेला पाहिलं. पाण्यावर धुकं होतं. मारुती ओरडत होता, "डावीकडं घे, डावीकडं. भिक्या असता तर..." जाळं सोडून झाल्यावर त्याचा आवाज पुन्हा आला, "भिक्यापेक्षा बरी धरतीस." चंद्रा हसली. वैधव्यानंतर तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. हिप्परग्याच्या त्या धुक्यात उभी राहून मी मनात म्हणाले, हे असंच चालू राहावं, कोणाला कळू नये. हे मागणं किती भित्रं होतं ते मला कळलं नव्हतं.

पौषात मारुतीची छाती भरली आणि तो गेला. दिवस झाल्यावर वस्तीची माणसं कडुलिंबाखाली बसली. मारुतीचा पुतण्या नामदेव कुंभारीहून आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोटार आहे म्हणजे नाव एकट्याची आहे. नाव आणि जाळी त्याने घ्यावी, चंद्राने माहेरी जावं. मोटारीबद्दल सांगायला यजमानांना निरोप आला. तांग्यात ते मला म्हणाले, "मोटार चालते असंच सांगतो. नाहीतर ती नावेत बसली हे उघडं पडेल, तिला वाळीत टाकतील."

"तिला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?"

मी रस्ताभर तोंड फिरवून बसले. नवऱ्याच्या चांगुलपणाचा असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

वस्तीतला सगळ्यांत म्हातारा सोपानतात्या. त्याने विचारलं, "सायेब, मोटार चालती न्हवं?"

यजमानांनी घसा साफ केला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून चंद्रा पुढे आली. "चालत न्हाय," ती म्हणाली. "दसऱ्यापास्नं चालत न्हाय. नाव मी वल्हवली."

मग मागून एक बाई म्हणाली, "म्हनूनच म्हातारा गेला." ते वाक्य चंद्राला पुढे जन्मभर ऐकावं लागलं. सणाला, लग्नाला, पाणवठ्यावर. यजमान खाली बघत होते. आपली बॅटरी बिघडली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं.

सोपानतात्याने चिलमीत बोट घालून राख उकरली. त्याने विचारलं, "धरनाकडं वारा सुटला तर नाव कुटं लावत हुतीस?"

"वाऱ्याफुडं सोडत न्हाय. बाभळीच्या टोकामागं घेते. तितं लाट मोडती."

"आन जाळं पान्यात असलं तर?"

"मग न्हाय घेत. तोंड वाऱ्याकडं धरून बसते. म्हातारा वढून घिईस्तवर."

तात्याने मान हलवली. नामदेव काही बोलायला गेला, त्याला त्याने हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे नाव हिच्याकडं," तो म्हणाला. "पर मोटार मागं ऱ्हाऊ द्या. पान्यात सोडलेली दिसली पायजे. लोक इचारतील तर मोटार चालती म्हनायचं. आसरांस्नी बी तेच."

माणसांना ते पटल्यासारखं दिसलं. कोणी मान डोलवली, कोणी तंबाखू काढली. यजमानांनी सुटकेचा श्वास टाकला. मलाही क्षणभर वाटलं, सुटलो.

चंद्रा उठून बाभळीकडे गेली. नावेच्या मागच्या बाजूला वाकून तिने मोटारीचे दोन्ही पेच फिरवले. ते कसे फिरतात हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. मोटार चांगली जड होती. ती पोटाशी धरून, लुगडं चिखलात ओढत ती कडुलिंबापर्यंत आली आणि यजमानांच्या पायाशी तिने ती ठेवली.

"दादा, ही तुमची घिऊन जावा," ती म्हणाली. "वल्हवताना मागं वढती."

सोपानतात्याने तिला हाक मारली, मग दुसऱ्या कोणीतरी मारली. काय सांगायचं ते त्यांचं आपसात ठरेना. ठरलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तोवर ती नावेत बसली होती.